काका, मधे मधे का थांबता?

परवाच्या दिवाळी पहाटेला आमच्या सोसायटीत गायकच वेळेवर पोचला नाही. बुवा (आम्ही सगळे त्याला बुवाच म्हणतो, गेली सत्तावीस वर्षं मी त्याला पेटीची साथ करतो) पुण्याहून पहाटे निघाला होता आणि घाटात कुठलासा ट्रक आडवा झाल्यामुळे अडकून पडला होता. इकडे साडेसहाला सतरंज्या भरल्या. उटण्याचा वास, रात्रीच्या फटाक्यांचा धूर, नव्या साड्यांची सळसळ, आणि मागच्या बाजूला चहाच्या थर्मासभोवती पुरुषमंडळींचा नेहमीचा घोळका. सेक्रेटरी माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "तोवर तुम्हीच वाजवा हो. नुसती पेटी. सकाळच्या पारी काहीतरी कानावर पडलं म्हणजे झालं." तबल्यावरच्या मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी भाता उघडला. सगळ्यांना पाठ असलेला एक अभंग घेतला आणि वीस मिनिटं वाजवला. टाळ्याही पडल्या. तेवढ्यात बुवा आला, खाकरला, आणि पुढचं सगळं नेहमीसारखं झालं.

कार्यक्रम संपल्यावर मी पेटीचा भाता बंद करत असताना तिसऱ्या मजल्यावरची दुसरी-तिसरीतली मुलगी समोर येऊन उभी राहिली. हातात अर्धी चकली. म्हणाली, "काका, तुम्ही एकटे वाजवत होतात ना, तेव्हा मधे मधे का थांबत होतात? विसरलात?" मी हसून म्हटलं, नाही गं, थांबलो कुठे? तिने खांदे उडवले आणि चकली खात निघून गेली.

संध्याकाळी ग्रुपवर कुणीतरी त्या वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग टाकलं. खाली अंगठे, हात जोडलेले, पणत्या. मी रात्री बाल्कनीत बसून ते कानाला लावून ऐकलं. पोरगी खरं बोलत होती. पहिली ओळ मी वाजवतो, आणि मग उजवा हात एका सुरावर जाऊन नुसता बसतो. भाता चालू आहे, तबला चालू आहे, सूर धरलेला आहे, पण पुढे काही होत नाही. तालाचं एक आख्खं आवर्तन रिकामं जातं. त्याच्या शेवटाला मी एक छोटीशी जागा घेतो, उत्तर दिल्यासारखी, आणि पुन्हा पहिली ओळ. कुणाला उत्तर देत होतो मी? त्या रिकाम्या आवर्तनात बुवा गातो. बुवा घाटात होता, पण माझ्या हाताला ते कळलेलं नव्हतं.

त्या रात्री मला ह्युबर्ट समलिन आठवला.

हे नाव मी पहिल्यांदा वाचलं ते हॉस्टेलवर, एका कॅसेटच्या पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत. कॅसेट होती हाउलिन वुल्फची, ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं) गाणाऱ्या गायकाची; ह्युबर्ट त्याचा गिटारवाला. रूमपार्टनरच्या भावाने परदेशातून आणलेली, रीळ जरा ताणलेली. तो आवाज ऐकून आम्ही दोघं चक्क हसलो होतो. लोखंडी घमेल्यात खडी ओतावी तसा आवाज, आणि मधेच तो खरोखर लांडग्यासारखा विव्हळायचा. खरं नाव चेस्टर बर्नेट. सव्वासहा फुटांहून उंच आणि वजन तीनशे पौंडांच्या आसपास. त्या वजनावर त्याने स्वतःच एक गाणं गायलंय. असा माणूस समोर उभा असताना मागच्या गिटारवाल्याकडे कोण बघतो? आम्हीही पाहिलं नाही. नंतर नोकरीला लागलो, डोंबिवली-सीएसटी सुरू झालं, कानात हेडफोन आले, आणि एके दिवशी मुंब्र्याच्या बोगद्यात शिरताना माझ्या लक्षात आलं की मी आवाज ऐकतच नाहीये. मी त्या आवाजाच्या मधल्या जागा ऐकतोय.

'स्मोकस्टॅक लाइटनिंग' हे १९५६ चं गाणं सबंध एकाच कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या एकाच जुडग्यावर आहे. आपल्या कानाला ते परकं वाटत नाही, त्याचं कारण बहुधा हेच. षड्ज लावून ठेवल्यासारखं ते एका ठिकाणी उभं राहतं आणि त्याच्याभोवती फिरतं. वुल्फ एक ओळ टाकतो, विव्हळतो, गप्प होतो. तिथे गिटार येते. पण ती येते कशी? सरळ चालत नाही येत. दाराआडून डोकावते, चार सूर टाकते, एखादा सूर घसरत वरून खाली सोडते आणि पुढची ओळ यायच्या आत नाहीशी होते. १९६१ च्या 'शेक फॉर मी'मध्ये तर ती खोडकर पोरासारखी त्या अवाढव्य माणसाच्या पायांतून इकडून तिकडे पळते. तो काय वाजवतो हे लिहून काढता येईल, काढलंही आहे लोकांनी. तो कधी वाजवत नाही, ते लिहून काढता येत नाही. माझे वडील भीमसेनांची मैफल ऐकून आले की घरी बोलायचे ते अप्पा जळगावकरांच्या पेटीबद्दल, आणि आईला वाटायचं हे मुद्दाम तिरपं बोलतायत. आता मी बायकोशी तसाच तिरपा बोलतो.

ह्युबर्ट मिसिसिपीतल्या ग्रीनवुडचा, १९३१ चा जन्म, वाढला आर्कान्सात. त्याची आणि वुल्फची पहिली भेट तो स्वतः आयुष्यभर सांगत आला, आणि दर वेळी थोडं मीठमसाला वाढवत असणार, तरी मला ती खरी मानायची आहे. वुल्फ एका गावठी गुत्त्यात गात होता. पोराला आत प्रवेश नाही. म्हणून हा कोका-कोलाच्या पेट्या एकावर एक रचून खिडकीशी चढला. पेट्या सरकल्या आणि हा खिडकीतून थेट आत, वुल्फच्या अंगावरच. मालक हाकलायला धावला तर वुल्फ म्हणाला, राहू दे. पोराला खुर्ची दिली, गाणं पुरं ऐकवलं, आणि रात्री स्वतः घरी नेऊन सोडलं. आईला सांगितलं, मारू नका त्याला. पुढे १९५४ मध्ये वुल्फने त्याला शिकागोला बोलावून घेतलं तेव्हा ह्युबर्ट बाविशी-तेविशीत होता. वुल्फ १९७६ च्या जानेवारीत गेला. म्हणजे बावीस वर्षं. मधले काही महिने सोडून.

ते मधले महिने गमतीचे आहेत. शिकागोत वुल्फच्या तोडीचा दुसरा माणूस म्हणजे मडी वॉटर्स, आणि दोघांचं एकमेकांशी जुनं हाडवैर. १९५६ च्या सुमाराला मडीने जास्त पैसे देऊन ह्युबर्टला फोडलं. काही महिन्यांतच ह्युबर्ट रोज नवं गाव, रोज रात्री कार्यक्रम, गाडीत बसून बसून जेरीला आला आणि परत वुल्फकडे. वुल्फने घेतलं. या दोघांनी हाणामारीत एकमेकांचे दातसुद्धा पाडलेत. पण हाच वुल्फ त्याला गिटारच्या शास्त्रोक्त शिक्षणासाठी शिकागोच्या संगीतशाळेत पाठवतो, आणि बँडमधल्या माणसांच्या पगारातून सोशल सिक्युरिटी आणि बेकारी विम्याचे पैसे नियमानं कापून भरतो. त्या काळात ब्लूजच्या धंद्यात असं करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मी बत्तीस वर्षं अकाउंट्समध्ये काढली, त्यामुळे वुल्फच्या विव्हळण्यापेक्षा मला याच गोष्टीचं जास्त कौतुक वाटलं असेल तर माफ करा. आणि एक शंकाही येते. ज्याचा फंड कापला जातो, तो माणूस सहसा दुकान टाकत नाही.

ह्युबर्टचा हात कसा घडला, ती गोष्ट मात्र मला टोचते. सुरुवातीला तो नखीने वाजवायचा, बाकीच्यांसारखा. जोरात, भराभर. एका रात्री वुल्फने त्याला सगळ्यांदेखत घरी पाठवलं: तू माझ्या गाण्यावर चढतोस, नखी टाकून दे आणि नुसत्या बोटांनी वाजवता आलं तर परत ये. ह्युबर्ट घरी गेला, रडकुंडीला आला, आणि बोटांनी वाजवायला लागला. आणि एकदम त्याचा सूर त्याला सापडला. तो ओलसर, मांसल, जरा तिरका आवाज, जो पुढे इंग्लंडातल्या एरिक क्लॅप्टन या गिटारवाल्यापासून सगळ्यांनी डोक्यावर घेतला, तो असा आला. मी ही गोष्ट आधी गुरुकृपेची गोष्ट म्हणून सांगायचो. आता सांगताना अडखळतो. त्याचा स्वतःचा म्हणून जो सूर आहे, तो दुसऱ्याच्या आवाजाला जागा करून देताना सापडलेला आहे. तो आवाज गेला, की त्या सुराने उभं राहायचं कुठे?

माझाही हात असाच घडला. पहिल्या वर्षी बुवा म्हणाला होता, "माझ्या मागे ये रे, पुढे पळू नकोस."

आता बडी गायचं ऐका. हो, आडनाव गायच आहे. लांडगा आणि गाय एकाच रेकॉर्डवर आहेत यावर आमच्या हॉस्टेलात पुरेसे विनोद झालेत. १९६४ च्या ऑगस्टमध्ये वुल्फने 'किलिंग फ्लोअर' रेकॉर्ड केलं. त्यात पुढची धारदार गिटार ह्युबर्टची, आणि मागे साधी, बिनविजेची गिटार खरडतोय तो बडी गाय. ह्युबर्टपेक्षा पाचेक वर्षांनी लहान, लुइझियानातून १९५७ मध्ये शिकागोला आलेला. क्लबात तो गिटारच्या आवाजाने कानठळ्या बसवायचा, लांबलचक वायर जोडून वाजवत वाजवत रस्त्यावर जायचा. पण वुल्फच्या रेकॉर्ड्स काढणाऱ्या चेस रेकॉर्ड्स कंपनीच्या स्टुडिओत त्याला सांगितलं जायचं, आवाज कमी कर, आणि बस दुसऱ्यांच्या मागे. दिवसा तो बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणारा ट्रक चालवत होता. पुढे इंग्लंडातल्या पोरांनी तोच गोंगाट करून लाखो रेकॉर्ड्स खपवल्या तेव्हा कंपनीचा मालक लिओनर्ड चेस याने त्याला बोलावून घेतलं, खाली वाकला आणि म्हणाला, मार मला लाथ. हे बडी गाय स्वतः हसत सांगतो. तरी खरं नाव व्हायला १९९१ उजाडलं. तेव्हा तो पंचावन्नाच्या घरात होता, आणि त्याआधीची कितीतरी वर्षं अमेरिकेत त्याच्याकडे रेकॉर्डचा करारसुद्धा नव्हता. २०११ मध्ये बांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत पहिला महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल झाला, त्यात तो आला होता. फेब्रुवारी महिना, मुलीची दहावी. मी गेलो नाही. ती म्हणाली होती, बाबा, तुम्ही जा ना, तुम्ही घरी असून काय करणार आहात? तिचं बरोबर होतं.

म्हणजे 'किलिंग फ्लोअर'च्या त्या खोलीत दोन साथीदार होते. एकाला मागे बसवलेलं होतं. दुसरा मागे राहणाराच होता. रेकॉर्ड ऐकून हे सांगता येत नाही. उलट ऐकताना पुढचा कोण म्हणाल तर ह्युबर्ट. मी कितीदा ते गाणं लावून नुसती मागची खरड ऐकायचा प्रयत्न केलाय, त्यात घुसमट ऐकू येते का बघायला. नाही येत. बिनतक्रार वाजवलंय.

१९७० मध्ये लंडनला वुल्फला घेऊन तिथल्या नामांकित पोरांबरोबर रेकॉर्डिंग करायचं ठरलं. ह्युबर्टचं विमानाचं तिकीट काढायला कंपनी राजी नव्हती. गिटार वाजवायला खुद्द क्लॅप्टन आहे, मग आणखी गिटारवाला कशाला, असा सरळ हिशोब. शेवटी क्लॅप्टननेच आग्रह धरला, ह्युबर्ट हवा. हा किस्सा सगळे क्लॅप्टनच्या मोठेपणाचा म्हणून सांगतात, आणि तो आहेच. पण त्या लंडनच्या स्टुडिओत ह्युबर्टला काय वाटलं असेल? समोर बसलेली माणसं त्याच्याच जागा वाजवून मोठी झालेली, आणि त्याचं स्वतःचं तिकीट वादात. मला वाटतं, त्याला काहीच वाटलं नसेल. त्याची नजर वुल्फच्या तब्येतीवर असेल. वुल्फचं हृदय आणि मूत्रपिंडं दोन्ही तोवर दगा द्यायला लागली होती, आणि साथीदाराला गायकाचा श्वास डॉक्टरच्या आधी कळतो. मला बुवाचा दमा असाच कळला. दुसऱ्या अंतऱ्याला तो एक श्वास जास्त घ्यायला लागला, आणि मी न सांगता तिथली जागा लांबवायला लागलो.

वुल्फ गेल्यावर सगळ्यांना वाटलं असणार, आता ह्युबर्टची पाळी. तसं झालं नाही. बँड पुढे चालवला तो सॅक्सोफोनवाल्या एडी शॉने, वुल्फच्याच नावावर, आणि ह्युबर्ट पुन्हा त्यात मागे उभा राहिला, १९८० च्या आसपासपर्यंत. अमेरिकेत स्वतःच्या नावाची रेकॉर्ड यायला १९८७ उजाडलं. पुढच्या काही वर्षांत आणखी तीन-चार आल्या. मी त्या मिळतील तशा ऐकल्या, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला ओशाळलो. तो गातो ते बोलल्यासारखं. आवाज बारीक, ओळीच्या शेवटाला विरून जाणारा, जणू आत्ता कुणीतरी हाकलेल. आणि गिटार, ती जगावेगळी गिटार, मधे मधे थांबते. चार सूर टाकते आणि वाट बघते. समीक्षकांनी लिहिलं, हा पुढे उभं राहण्यातला माणूस नाही. मीही मित्रांना तेच सांगायचो, मोठ्या जाणकाराच्या थाटात.

सोसायटीतल्या त्या रेकॉर्डिंगनंतर मी त्या रेकॉर्ड्स परत ऐकल्या. आता मला त्यात चूक सापडेना. जिथे तो थांबतो तिथे बरोबर एका आवाजापुरती जागा आहे. कुठल्याही आवाजापुरती नाही, तीनशे पौंडांच्या.

त्याची मला सगळ्यांत आवडती रेकॉर्ड म्हातारपणीची आहे, 'अबाउट देम शूज'. बनून काही वर्षं पडून राहिली आणि २००५ च्या सुमारास बाहेर आली. नाव ह्युबर्टचं, चित्र ह्युबर्टचं. गायला मात्र इतर: रोलिंग स्टोन्स या बँडमधला कीथ रिचर्ड्स आहे, क्लॅप्टन आहे. ड्रम्सवर लेव्हॉन हेल्म आहे, त्याचा पोरवयातला सोबती जेम्स कॉटन तोंडाचा बाजा घेऊन आलाय. आणि गाणी? वुल्फची असतील असं वाटतं ना? बरीचशी मडी वॉटर्सची आहेत, ज्याला तो काही महिन्यांत टाकून आला होता त्याची. सत्तरीच्या उंबरठ्यावरचा हा माणूस स्वतःच्या रेकॉर्डवर पाहुण्यांना पुढे बसवून, मागे राहून साथ करतोय, आणि इतका खुशीत वाजवतोय की हेडफोनमधून हसू ऐकू यावं. गाणारा थांबला की हा हजर. कुणी म्हणेल, ही पळवाट झाली. मला तर वाटतं, तोवर त्याने ठरवून टाकलं असावं की रेकॉर्डवर आपलं नाव येण्यासाठी आपल्याला वुल्फ व्हायची गरज नाही. बडी गायने पुढची जागा लाथ मारून मिळवली. ह्युबर्टने पुढे जाऊन तिथेच मागची जागा मांडली. शेवटचं एकच गाणं तो स्वतः गातो. त्याचं नाव, आपल्या भाषेत सांगायचं तर, 'हे शेवटचं बघ, पोरी'.

२००२ मध्ये कर्करोगाने त्याचं एक फुप्फुस काढलं होतं. उरलेल्या एकावर तो जवळजवळ शेवटपर्यंत वाजवत राहिला. ४ डिसेंबर २०११ ला न्यू जर्सीत गेला, ऐंशी वर्षांचा होऊन. अंत्यसंस्काराचा खर्च रोलिंग स्टोन्सच्या मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्सने केला.

गेल्या रविवारी बुवाचा फोन आला. गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाचं बोलून झाल्यावर म्हणाला, "या वेळी पहिली वीस मिनिटं तू एकटाच बस. मला धाप लागते रे. मी मागनं येतो." मी म्हटलं, बघू. फोन ठेवला आणि पेटी काढली. घरात कुणी नव्हतं. तोच अभंग लावला. पहिली ओळ झाली, हात नेहमीच्या सुरावर जाऊन बसला, आणि मी ठरवलं, आता थांबायचं नाही, ते आवर्तन आपणच भरायचं. बोटं निघाली. ओळ छान गेली, मलाच नवल वाटलं. शेवटाकडे आलो. तिथे एक जागा आहे जिथे बुवाचा सूर सत्तावीस वर्षं हटकून किंचित उतरतो, इतका किंचित की सतरंजीवरच्या कुणाला कळत नाही. मी त्या जागेशी पोचलो आणि माझं बोट पट्टीवर आडवं झालं. पांढरी आणि काळी यांच्या मधल्या फटीत ते तो उतरलेला सूर शोधत होतं, जो पेटीत नसतोच.